आंग्र्यांच्या धास्तीनं बांधला, आंग्र्यांच्याच नावानं उरला!

चर्चगेटला गेट नाही आणि फोर्टला फोर्ट नाही. मुंबईत नवा आलेला माणूस हमखास विचारतो, मग किल्ला गेला कुठे?

चर्चगेट म्हणजे सेंट थॉमस चर्चकडे जाणारा कोटाचा दरवाजा. आज फ्लोरा फाउंटन आहे तिथे तो होता. तो पाडल्यावर १८६४ मध्ये कारंजं आलं आणि दरवाजाचं नाव पुढे पश्चिमेच्या रेल्वे स्टेशनला मिळालं. याच चौकात २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या चालल्या. हुतात्मा चौक हे नाव त्यांच्या रक्ताचं आहे, म्हणून ते आवर्जून घ्यावं.

आता खरी गंमत. १७१५ मध्ये आलेला गव्हर्नर चार्ल्स बून यानं शहराभोवती तट उभारला. ईस्ट इंडिया कंपनीला धडकी होती ती मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांची. बूननं १७१८ मध्ये त्यांच्या खांदेरी किल्ल्यावर आरमार धाडलं, तेही हात हलवत परत आलं. पुढे १७३९ मध्ये मराठा सेनानी चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा धास्तावलेल्या मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पदरचे ३० हजार रुपये काढून तटाबाहेर खंदक खणवला. आणि आज? कोटाच्या पोटातला जुना बालेकिल्ला, म्हणजे बॉम्बे कॅसल, भारतीय नौदलाच्या ताब्यात आहे. १५ सप्टेंबर १९५१ पासून त्या तळाचं नाव ‘आयएनएस आंग्रे’! कान्होजींना याहून थोर मानवंदना मला तरी सुचत नाही.

कॅसलची जागा तर त्याहून जुनी. सोळाव्या शतकात तिथे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वाडा होता. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला.

ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदानांवर क्रिकेट रंगतं, त्याचं श्रेयही तोफांना. शत्रू आडोशाला लपू नये, मारा थेट व्हावा, म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवलेली होती. त्या पट्ट्याचे हे उरलेले तुकडे. १८६२ नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत तट पाडले, खंदक बुजवले आणि मोकळ्या झालेल्या जागेच्या आसपास हायकोर्ट, विद्यापीठ अशा देखण्या इमारती उठल्या. २०१८ मध्ये युनेस्कोनं ओव्हलच्या दोन्ही अंगांच्या इमारतींना जागतिक वारसा ठरवलं. मधलं मैदान मोकळं राहिलं म्हणून तर त्या डोळाभर दिसतात. रॅम्पार्ट रो या नावातही तटच आहे.

मग किल्ल्याचा एकही दगड उरला नाही का? उरलाय. सीएसएमटीच्या पूर्वेला, सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळ, १७६९ च्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा एक भाग शाबूत आहे. महाराष्ट्रभरच्या किल्ल्यांची काळजी वाहणारं राज्याचं पुरातत्त्व संचालनालय त्याच वास्तूत थाटलं गेलं.