स्क्रूजची थकबाकी

भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात मी मजुरीची वही लिहितो. कापडाचे मीटर मोजायचे, उचल वजा करायची, उरलेले पैसे कारागिराच्या हातावर ठेवायचे. त्यामुळे चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधला (१८४३) कारकून बॉब क्रॅचिट मला जवळचा वाटतो. आठवड्याला पंधरा शिलिंग पगार, आणि थंडीत शेगडीत जेमतेम एक कोळसा.

त्याचा चिक्कू मालक स्क्रूज एका रात्रीत बदलतो. त्या रात्री भेटणाऱ्या भुतांपैकी शेवटचं भूत त्याला स्वतःचीच कबर दाखवतं. मरणाच्या धाकाने सैल झालेली मूठ निःस्वार्थ कशी, असा आक्षेप घेतात. मला तो पटत नाही. त्याच्या मेलेल्या भागीदाराच्या भुताने आधीच धाक घातला होता, हे खरं. पण कबर दिसायच्या कितीतरी आधी स्क्रूज विचारतो, बॉबचा पांगळा मुलगा टिम जगेल ना? त्या प्रश्नात त्याचा दमडीचा फायदा नाही.

सकाळी तो बॉबच्या घरी भलीमोठी टर्की पाठवतो, तीही नाव न कळवता. गरिबांसाठी वर्गणी मागणाऱ्या गृहस्थाला मोठी रक्कम कबूल करतो आणि सांगतो, यात मागची बरीच थकबाकी धरली आहे. म्हणजे हे पैसे तो दानाच्या खात्यात लिहीत नाही, देण्याच्या खात्यात लिहितो. माझा विश्वास बसतो तो इथे.

मोलिएरच्या १६६८ सालच्या नाटकातला कंजूष, ज्याच्यावरून आचार्य अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ रचलं, शेवटपर्यंत पैशांच्या पेटीतच अडकलेला राहतो. स्क्रूज बॉबचा पगार वाढवतो. किती, तो आकडा डिकन्स देत नाही. मला तो हवा होता.