अनोळखी किडा : नाव सांगण्यापूर्वी पाहावयाच्या खुणा

मृग नक्षत्र लागते, शाळा उघडतात आणि त्याच सुमारास जमिनीतून, बांधावरून, गवतातून किड्यांची एकच वर्दळ सुरू होते. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या ऊसशेतीच्या गावी तर मुले काडेपेटीत काही ना काही घालून वर्गात आणतात आणि "गुरुजी, हा कोणता किडा?" असा प्रश्न पुढे ठेवतात. भारतातून आजवर नोंदल्या गेलेल्या कीटकांच्या जाती ६०,००० हून अधिक आहेत. तेव्हा प्रत्येकाचे नाव शिक्षकास सांगता यावे, अशी अपेक्षा कोणीही करणार नाही. तथापि नाव ठाऊक नसले तरी हा प्राणी कोणत्या गटातला, तो काय खातो आणि त्यास हात लावावा की नाही, एवढे बहुधा पाहूनच सांगता येते.

प्रथम पाय मोजावेत. डोके, छाती व पोट असे शरीराचे तीन भाग आणि छातीला जोडलेले सहा पाय असतील तर तो पूर्ण वाढलेला कीटक होय. या एका कसोटीने कितीतरी प्राणी बाजूस पडतात. मुलांना अत्यंत प्रिय असा तांबडा, मखमली मिरगाचा किडा घ्या. त्याचे पाय आठ भरतात. म्हणजे लोकभाषेत तो किडा असला तरी शास्त्रदृष्ट्या कीटक नव्हे, कोळ्याच्या नात्यातला आहे. गोम व पैसा यांतील भेदही पायांवरूनच कळतो : गोमेच्या प्रत्येक वलयास पायांची एक जोडी, तर पैशाच्या बहुतेक वलयांस दोन. गोम चावते; पैसा वेटोळे करून पडून राहतो.

नंतर पंख पाहावेत. वरचे पंख कठीण कवचासारखे असून पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिळत असतील तर तो भुंगेरा. पंखांची एकच जोडी दिसली तर माशी किंवा डास. बसल्यावरही चारही पंख आडवे पसरून ठेवणारा तो चतुर.

खरी अडचण येते ती अळ्यांच्या बाबतीत. कारण अळीचे रूप तिच्या आईबापांशी मुळीच जुळत नाही. आपल्या भागात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही, तो घरच्या उसाचा होतो. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या व मृगाच्या पावसानंतर तिन्हीसांजेस जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात, पाला खातात आणि पुन्हा मातीत शिरून अंडी घालतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उसाची व भुईमुगाची मुळे खातात. पुढे ऊस पिवळा पडतो आणि बेट हाताने ओढताच उपटून येते. परंतु उकिरड्यातही तशाच पांढऱ्या, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या सापडतात, आणि सरसकट सर्वांनाच हुमणी म्हटले जाते. हे बरोबर नाही.

यासाठी एक सोपा प्रयोग मुलांकडून करवून घ्यावा. अळी काडीने उचलून सपाट फळीवर ठेवावी व थोडा वेळ पाहावे. ती उताणी होऊन पाय वर करून पाठीवर सरपटू लागली, तर ती फुलभुंगेऱ्याची अळी होय. तिचे अन्न कुजका पालापाचोळा व शेण. हुमणी मात्र कुशीवर वाकून पडते, किंवा पायांवरच कशीबशी ओढत पुढे सरकते. अंगठ्याएवढी जाड अळी उकिरड्यात मिळाली तर ती बहुधा गेंड्या भुंग्याची. तीही कुजलेलेच खाते, पण तिचा भुंगा नारळाच्या कोंभात शिरून नुकसान करतो. पाठीवर चालणारी अळी पाहून मुले जी हसतात, त्या हसण्यातच पाठ पक्का होतो, असा अनुभव आहे.

उलट प्रकारची चूकही घडते. माव्याने भरलेल्या पानावर काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी फिरताना दिसते. रूप भयंकर, म्हणून ती प्रथम चिरडली जाते. वस्तुतः ती ढालकिड्याची अळी असून मावा हेच तिचे अन्न. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा प्रथम आढळला व झपाट्याने पसरला, तेव्हाही कोनोबाथ्रा, मायक्रोमस आणि सिरफिड माशी यांच्या अळ्यांनी त्याचा फडशा पाडण्यास मोठे साहाय्य केले. ज्या शेतकऱ्यास या अळ्या ओळखू आल्या, त्याचा फवारणीचा खर्च वाचला.

भीतीचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. २०२२ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यात व अन्यत्र घोणस अळीची वार्ता पसरली. ती डसल्यास माणूस दगावतो, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून गावोगाव गेली. ही अळी पतंगाच्या एका कुळातील आहे. तिचे पाय सहज दिसत नाहीत, ती गोगलगाईप्रमाणे सरकते व अंगावर काट्यांचे झुबके असतात. काटा लागल्यास तीव्र आग होते, परंतु ती सापासारखी विषारी नाही. त्वचेवर चिकटपट्टी लावून ओढल्यास रुतलेले काटे निघतात, बर्फाने आग शमते. सूज पसरली अथवा श्वासास त्रास झाला तर मात्र विनाविलंब दवाखान्यात न्यावे. केसाळ किंवा काटेरी अळीस उघडा हात लावू नये, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा.

भ्रमणध्वनीवर छायाचित्र दाखवून नाव मिळविण्याची सोय आता झाली आहे. ती वापरावी, पण मिळालेले नाव वरील खुणांशी ताडून पाहावे. पाठीवरून घेतलेल्या एका चित्रात पाय दिसत नाहीत आणि उत्तर भलतेच येते. एक चित्र वरून, एक बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे. वहीत तारीख, वेळ, जागा, कोणत्या झाडावर व काय करीत असताना सापडला, आणि लांबी मिलिमीटरमध्ये, एवढे लिहावे. पिकावरील कीड वाटल्यास ही नोंद नमुन्यासह तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, किंवा कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयाकडे न्यावी. उसावरील असल्यास कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. नमुना जिवंत न्यावयाचा असेल तर झाकणास भोके पाडलेल्या बरणीत, ज्या पानावर तो सापडला तेच पान घालून न्यावा. हुमणी असेल तर सोबत ओंजळभर ओली माती घालावी.