फाईल बदलली, सर्व्हरला कसे कळले?

पायथन ही संगणकभाषा ज्यांच्या संगणकावर आहे त्या शिक्षकांना एक छोटा प्रयोग वर्गात सहज करता येईल. एका फाईलमध्ये ‘नमस्ते’ छापणारे दोन ओळींचे फंक्शन लिहा. पायथन सुरू करून ‘इम्पोर्ट’ या आज्ञेने ती फाईल आत घ्या आणि फंक्शन चालवा. आता पायथन बंद न करता फाईलमध्ये ‘नमस्ते’च्या जागी ‘राम राम’ लिहा, साठवा, पुन्हा इम्पोर्ट करा आणि फंक्शन चालवा. पडद्यावर काय उमटते? ‘नमस्ते’च!

असे का व्हावे? पायथन फाईल एकदाच वाचतो आणि तिच्यातली फंक्शन्स संगणकाच्या मेमरीत तयार करून ठेवतो. तीच फाईल पुन्हा मागितली, तर डिस्ककडे न जाता मेमरीतलीच पुढे करतो. पुस्तकातला उतारा फळ्यावर लिहून झाल्यावर पुस्तकात दुरुस्ती केली, तर फळा थोडाच बदलतो?

वेबसर्व्हर तर तासन् तास चालू राहणारा प्रोग्रॅम. तिथे ही गोष्ट चांगलीच घोटाळ्यात टाकते. प्रोग्रॅमरने चूक दुरुस्त केली, पान पुन्हा उघडले, पण चूक तशीच. दुरुस्ती चुकली की सर्व्हरने ती वाचलीच नाही? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. मग बरोबर केलेली दुरुस्तीही संशयापोटी खोडली जाते.

यावरचा एक उपाय ‘जँगो’मध्ये पाहू. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात 2003 साली जँगोचा आरंभ झाला आणि 2005 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्याचा सरावाचा सर्व्हर सुरू केला, की प्रत्यक्षात दोन प्रोग्रॅम चालू होतात. मूल पाने पुरवते आणि त्याच वेळी वाचलेल्या प्रत्येक फाईलची ‘शेवटचा बदल केव्हा’ ही नोंद दर सेकंदाला तपासते. नोंद बदलली, की ते 3 हा आकडा मागे ठेवून स्वतःच संपते. पालक एवढेच पाहतो : आकडा 3 असला तर नवे मूल सुरू करायचे, दुसरा कोणताही असला तर आपणही थांबायचे.

फक्त बदललेली फाईलच पुन्हा का वाचू नये? पायथनमध्ये तशी सोय आहे. पण इतर फायलींनी जुने फंक्शन आधीच घेऊन ठेवले असेल, तर त्या तेच वापरत राहतात. अर्धे नवे, अर्धे जुने अशी खिचडी होते. सगळे पुसून पुन्हा मांडणे धसमुसळे वाटले तरी आम्हाला तेच शहाणपणाचे वाटते.

अर्थात मेमरीत ठेवलेले सारे त्यात जाते. डेटाबेसमधले, डिस्कवर असल्याने, राहते. शिवाय शेकडो फायली दर सेकंदाला तपासायचे काम आहेच. लिनक्समध्ये 2005 पासून ‘आयनोटिफाय’ ही सोय आहे. तीत फाईल बदलल्याची वर्दी कार्यप्रणालीच देते. जँगोलाही 2019 पासून, ‘वॉचमन’ हा प्रोग्रॅम जोडीला घेतल्यास, अशा वर्दीवर चालता येते.

लोक वापरत असलेल्या संकेतस्थळावर मात्र हे नको. तिथे नव्या फायली एकामागून एक उतरत असताना अर्ध्यातच सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर? जँगोचे कर्तेही हा सर्व्हर तिथे वापरू नका असे बजावतात.

आणखी एक. पहारा असतो तो मुख्यतः वाचलेल्या फायलींवर. अगदी नवी फाईल घातली तर तिच्याकडे लक्ष जाईलच असे नाही. अशा वेळी सर्व्हर हातानेच बंद करून सुरू करावा.