स्पीकर : जुने की नवे?

आमच्या घरी आबाजींच्या तबकड्यांची एक पेटी आहे. आबाजी म्हणजे माझे आजोबा. वय वर्षे त्र्याऐंशी, पेशाने निवृत्त शिक्षक. १९८२ साली त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल काढून स्टीरिओ घेतला, तेव्हा आजीने आठ दिवस अबोला धरला होता म्हणतात. पुढे एका गणेशोत्सवात मंडळाच्या पोरांनी त्याचे दोन्ही स्पीकर मागून नेले. परत आले तेव्हा एकाची कॉइल जळालेली, दुसऱ्याच्या कोनाला भोक. राहिलेल्या पेट्या वाळवीने खाल्ल्या. अ‍ॅम्प्लिफायर आणि तबकडीयंत्र मात्र धडधाकट राहिले, पण मुके!

गेल्या वर्षी आबाजी मला म्हणाले, “माझे कान आहेत तोवर एकदा लावून दे रे.” शिकवण्यांतून साठवलेले सहा हजार रुपये माझ्याजवळ होते. कारंजात हव्या तशा वस्तू मिळेनात, म्हणून अमरावती गाठली आणि तिथे प्रश्न पडला: एवढ्या पैशांत नवी जोडी घ्यावी की जुनी?

वाचक मित्रांपैकी अनेकांना हा प्रश्नच जुनाट वाटेल. खिशातल्या फोनवर गाणे ऐकणाऱ्याला स्पीकरच्या जोडीचे काय कौतुक? पण ज्यांच्या घरी अडगळीत एखादा जुना स्टीरिओ पडून आहे, त्यांच्यासाठी मी चुकून जे शिकलो ते सांगतो.

स्पीकरच्या आत फार काही नसते. एका गोल चुंबकाच्या अरुंद फटीत तारेची कॉइल असते. गाण्याचा विद्युत्प्रवाह तिच्यातून गेला की ती पुढेमागे हलते. तिला चिकटलेला कोन हलतो आणि हवा ढकलतो. अमेरिकेतील राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली ही रचना मांडली. शंभर वर्षे झाली, तरी बाजारातले बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. म्हणून ‘नवे म्हणजे नवे शास्त्र’ असे दुकानदार सांगू लागला, तर मान डोलवावी आणि पुढे ऐकावे.

मी नवी जोडी ऐकली. पेटी वीतभर, दिसायला देखणी, पण आवाज उठेचना. कारण मला नंतर कळले. १९५४ साली एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, याला संवेदनशीलता म्हणतात. ८४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला चौपट वीज लागते. आबाजींचा अ‍ॅम्प्लिफायर दहा वॉटचा. ज्या काळात अ‍ॅम्प्लिफायर अशक्त होते, त्या काळातल्या मोठ्या पेट्या थोडक्यात भागवणाऱ्या होत्या. माझ्यासाठी जुन्याचे खरे आकर्षण हे होते. दुकानदार फक्त वॉट सांगतात. वॉट हा स्पीकर किती सोसेल याचा आकडा आहे, किती बोलेल याचा नव्हे.

मग त्याच शहरात दुसऱ्या एकाकडून साडेचार हजारांना जुनी मोठी जोडी घेतली. गाणे लावून पाहिले, छान वाटले, जाळी काढून पाहण्याची बुद्धी झाली नाही. बसमधून मांडीवर धरून आणली. चैत्र संपता संपता खर्जाच्या सुरावर फरफर सुरू झाली. जाळी काढली तर कोनाच्या कडेचा काळा स्पंज बोट लावताच चिकट भुकटी होऊन पडला. आबाजी शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत, हेच जास्त लागले.

हा स्पंज पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला दमटपणा आणि उष्णता त्याचे हळूहळू विघटन करतात. वीसेक वर्षांत तो बहुधा जातोच, मग स्पीकर वाजवा की न वाजवा. आपल्या वऱ्हाडात तर ओला पावसाळा आणि पंचेचाळीस अंशांचा वैशाख, दोन्ही त्याच्या मुळावर. गंमत अशी की त्याहून जुन्या स्पीकरांच्या कडा लेप दिलेल्या कापडाच्या किंवा घड्यांच्या कागदाच्या असत, त्या आजही टिकून सापडतात. रबराच्या कडाही दीर्घायुषी. तेव्हा नुसते साल विचारून भागत नाही, कड कशाची आहे ते पाहावे लागते.

कारंजात मंडपवाल्यांचे भोंगे आणि स्पीकर दुरुस्त करणारे एक मेकॅनिक आहेत. मी रडवेल्या चेहऱ्याने पेट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी पाहून सांगितले, “भाऊ, चुंबक चांगलं हाय, कॉइल चांगली हाय. मेला तो फक्त काठ.” मीटर लावला, आठ ओहमच्या स्पीकरला सहाच्या आसपास आकडा आला, म्हणजे कॉइल शाबूत. (काहीच आकडा न दाखवला तर ती तुटली असे समजावे.) कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच दाबून कान लावला, घासल्याचा आवाज नाही. मग मधली टोपी कापून त्यांनी कॉइलभोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचल्या, म्हणजे कॉइल फटीत बरोबर मधोमध राहते, आणि नवी रबरी कड चिकटवली. पेटीत खर्ज आणि तार स्वर वेगळे करणारे जे कपॅसिटर असतात, त्यांतले इलेक्ट्रोलिटिक वर्षांनुवर्षांत सुकतात, तेही बदलले. सगळे मिळून अकराशे रुपये. ही परीक्षा मी अमरावतीत केली असती, तर भाव तरी पाडता आला असता.

माझे मत विचाराल तर, ज्याच्या गावात असा मेकॅनिक नाही आणि ज्याच्याजवळ जुना अ‍ॅम्प्लिफायरही नाही, त्याने खुशाल नवे घ्यावे. वॉरंटी ही काही थोडी गोष्ट नव्हे. नावाजलेल्या जुन्या छापाच्या मोहाने कान न लावता पैसे मोजणे मात्र मी पुन्हा करणार नाही.

जोडी बसवली त्या संध्याकाळी एक चिंता होती. उतारवयात माणसाला तार स्वर आधी ऐकू येईनासे होतात. आबाजींना तानपुऱ्याची जवारी कळेल का? तबकडी लागली, ते डोळे मिटून बसले. मी वाट पाहत होतो. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, “डग्गा फार घुमतो. कोपऱ्यातून बाहेर ओढ.”

त्यांचे खरे होते. भिंती आणि कोपरा खर्जाला फुगवतात. दोन्ही पेट्या हातभर पुढे ओढल्या. तेव्हापासून आई स्वयंपाकघरात जाताना त्यांना वळसा घालून जाते, आणि तबकडी चालू असली तर तिथेच थोडी थांबते.