टेस्टिंग एजंटला ‘वाराणसी’ नीट सांगा

एआय एजंटकडून टेस्टिंग करून घेताय? मग त्याला वापरायला दिलेल्या टूलचं वर्णन मन लावून लिहा. टूलच्या आतला कोड एजंटला सहसा दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटर वाचूनच तो निर्णय घेतो.

उदाहरणार्थ, रेल्वे शोधाचं टूल. ‘स्टेशनवरच्या गाड्या दाखवतं’ एवढंच लिहिलं आणि इनपुट आलं ‘वाराणसी’, तर? शहरात वाराणसी जंक्शन (बीएसबी), वाराणसी सिटी (बीसीवाय), बनारस (बीएसबीएस, २०२१ पर्यंतचं मंडुवाडीह) आणि काशी अशी वेगवेगळी स्टेशनं आहेत. एजंट अंदाजाने एक निवडतो आणि भलत्याच स्टेशनची टेस्ट पास होते.

म्हणून स्पष्ट लिहा:
🔹 इनपुट स्टेशन कोडच हवा, उदा. बीएसबी
🔹 तारीख: वर्ष-महिना-दिवस
🔹 गाडी नसल्यास रिकामी यादी, कोड चुकल्यास एरर
🔹 हे टूल तिकीट बुक करत नाही

वर्णन बदललं की सगळ्या टेस्ट पुन्हा चालवा!