किलोकिलोचा ताळा

खेडहून चिपळूणकडे येताना परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे परशुराम औद्योगिक वसाहत लागते. कीटकनाशकं, रंग, औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने इथे शेजारी शेजारी उभे आहेत. जानेवारी उजाडला की आमच्या प्लँटमध्ये सरल्या वर्षाचा ताळा सुरू होतो. गेटच्या रजिस्टरात किती टँकर आले, वजनकाट्याची पावती काय सांगते, बॅच शीटप्रमाणे रिअॅक्टरला किती माल चढला, गोदामात शिल्लक किती, हे सगळं एकमेकांशी जुळेपर्यंत कागद पुढे सरकत नाही. तफावत दिसली की त्या पाळीचं लॉगबुक उघडायचं. माल ड्रमच्या तळाशी राहिला, स्क्रबरमध्ये गेला, की नोंदच राहून गेली?

ही काळजी घ्यावी लागते, कारण कीड मारणारं रसायन आणि माणूस मारणारं रसायन अनेकदा एकाच कुळातलं असतं. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्रेडर कीटकनाशक शोधत होते, आणि त्यांच्या हाती लागलं टॅबून हे मज्जासंस्था बंद पाडणारं विष. कीटकनाशकांच्या कारखान्यांत लागणारं फॉस्फरस ट्रायक्लोराइड अशा विषांच्या निर्मितीतही वापरता येतं. त्यावर सरसकट बंदी आणली तर शेतीची औषधंच थांबतील. म्हणून २९ एप्रिल १९९७ पासून अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रास्त्र बंदी कराराने हिशेबाचा मार्ग धरला.

सर्वांत घातक रसायनं कराराच्या पहिल्या सूचीत. फॉस्फरस ट्रायक्लोराइडसारखी, उद्योगाला मोठ्या प्रमाणावर लागणारी तिसऱ्या सूचीत. सूचीबाहेरचं, पण फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरिन असलेलं एखादं सेंद्रिय रसायन प्लँटने वर्षाला ३० टनांहून जास्त बनवलं, तरी ते जाहीर करावं लागतं. भारतात यासाठी २००० सालचा कायदा आहे. कारखान्यांची माहिती दिल्लीत गोळा होते आणि वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत देशाचं घोषणापत्र हा करार राबवणाऱ्या हेगच्या संघटनेकडे जातं.

संघटनेचे निरीक्षक अशा कारखान्यात कधीही येऊ शकतात. देशाला १२० तास आधी कळवतात. आल्यावर कारखान्याने तीन तासांच्या आत प्लँटची माहिती द्यायची, मग तपासणी २४ तासांत आटोपते. पहिल्या सूचीतलं काही इथे बनत नाही ना, हा त्यांचा मुख्य प्रश्न. त्या वेळी उत्तर द्यायला आपल्या नोंदीच उभ्या राहतात. जर्मनी-जपानच्या कारखान्यांनाही नियम हेच, म्हणून त्यांचा आपल्यावर आणि आपला त्यांच्यावर विश्वास बसतो. भारताने स्वतःचा मस्टर्ड या रासायनिक अस्त्राचा १,०४४ टनांचा साठा जाहीर करून २००९ पर्यंत नष्ट केला, तोही निरीक्षकांच्या देखरेखीखाली.

कोकणातल्या कॉलेजांतून बी.एस्सी. झालेली मुलं थेट इथल्या पाळ्यांवर रुजू होतात. लॉगबुक भरणं हे त्यांना कारकुनी काम वाटतं, कारण या कराराबद्दल त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं. तिसऱ्या पाळीत पहाटे लिहिलेला आकडा खरा असेल, तरच देशाने जगाला दिलेला शब्द खरा ठरतो.