चोवीस अंशांची फरशी

बाहेर उणे 10 अंश, खोलीत सुखाचे 20, आणि ही सगळी ऊब देणारी फरशी असते जेमतेम 24 अंशांवर! डिसेंबरातल्या दुपारी पुण्यातली फरशी काही न करताच एवढी असते.

जर्मनीतल्या नव्या घरांत आता बहुतेक ठिकाणी जमिनीखालूनच ऊब येते. फरशीखालच्या सिमेंटच्या कोब्यात बोटभर जाडीच्या प्लॅस्टिकच्या नळ्या वेटोळ्यांनी पुरलेल्या असतात आणि त्यांतून 30-35 अंशांचं पाणी फिरतं. आंघोळीलाही आपण याहून कढत पाणी घेतो. ठाण्याहून पहिल्यांदाच हिवाळ्यात आलेली आई फरशीला हात लावते आणि म्हणते, “अरे, हे बंद पडलंय वाटतं!” चूक तिची नाही. हाताची कातडी 24 पेक्षा गरम असते आणि टाइल्स तिची उष्णता झटकन ओढून घेतात, म्हणून फरशी गारच लागणार. युरोपीय मानकानुसार तर वावराच्या जागेत फरशी 29 अंशांच्या वर न्यायचीच नाही, बाथरूममध्ये 33.

मग इतक्या कोमट फरशीने भागतं कसं? भागतं ते तिच्या पसाऱ्यामुळे. खोलीपेक्षा 4 अंशांनी उबदार असलेली फरशी दर चौरस मीटरला साधारण 40 वॅट देते. 20 चौरस मीटरच्या खोलीत हे झाले 800 वॅट, म्हणजे बादलीत पाणी तापवायच्या रॉडपेक्षाही कमी. चांगल्या बांधलेल्या घरातल्या खोलीला तेवढे पुरतात.

खरी गंमत पुढेच आहे. समजा, दुपारी ऊन आत आलं आणि खोली 22 वर गेली. फरशी आहे तिथेच, 24 वर. फरक 4 चा 2 झाला आणि उष्णता आपोआप निम्म्यावर आली. कुणी बटण दाबलं नाही की कुठली झडप हलली नाही. कढत रेडिएटरला हे साधत नाही. 55 अंशांच्या लोखंडाला खोली 20 आहे की 22, याने फारसा फरक पडत नाही. म्हणूनच फरशी जितकी कोमट, तितकी ती शहाणी. सगळी जुळणी या एकाच गोष्टीवर उभी आहे, आणि नव्या घरात गडबड होते तीही इथेच, कारण फरशी तापायला आणि निवायला वेळ घेते.

20 चौरस मीटरचा, साडेसहा सेंटिमीटर जाडीचा कोबा अडीच टन भरतो. तो एका अंशाने तापवायला पाऊण युनिट उष्णता लागते. मे महिन्यात दिवसभर तापलेली गच्ची रात्री अकरालाही पाय भाजते, तोच हा स्वभाव. संध्याकाळी गारठा वाटला म्हणून थर्मोस्टॅट 24 वर नेला, तर ऊब येणार झोपायच्या वेळी. मग खिडक्या उघडा, थर्मोस्टॅट उतरवा, आणि सकाळी पुन्हा कुडकुडा!

त्यापेक्षा जुळणीसाठी ढगाळ, कडक थंडीचे दिवस गाठावेत आणि सगळे थर्मोस्टॅट पूर्ण उघडून ठेवावेत. मग हात लावायचा तो पाणी तापवणाऱ्या मुख्य यंत्राच्या सेटिंगला. बाहेर किती थंडी असताना पाणी किती तापवायचं, हे तिथे ठरतं. घरातली सगळ्यात गार खोली जेमतेम उबदार राहील, इतपत पाण्याचं तापमान उतरवायचं. हीट पंप असेल, तर पाण्याचा उतरलेला प्रत्येक अंश साधारण दोन-अडीच टक्के वीज वाचवतो.

उरलेल्या खोल्यांचा हिशेब भिंतीतल्या पत्र्याच्या पेटीत होतो. आत प्रत्येक वेटोळ्यासाठी एक छोटी पारदर्शक नळी असते आणि तिच्यातला खुणेचा तुकडा मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते दाखवतो. पाणी आळशी असतं, आखूड वाट आधी पकडतं. म्हणून पेटीजवळची खोली तापते आणि टोकाची उपाशी राहते. तापलेल्या खोलीचा नळ किंचित आवळला, की दुसऱ्या नळीतला तुकडा लगेच सरकताना दिसतो. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग निदान एक-दोन दिवस कशालाही हात लावायचा नाही. पेटीतला बाथरूमच्या वेटोळ्याचा नळ तर शक्यतो सताड उघडाच असू द्यावा.

पहिल्या हिवाळ्यातले आकडे मात्र पक्के धरू नयेत. नव्या भिंतींत आणि गिलाव्यात मुरलेलं पाणी अजून सुकत असतं आणि बरीचशी ऊब त्यातच खर्ची पडते. दुसऱ्या वर्षी त्याच सेटिंगवर घर जास्त तापतं, तेव्हा पाणी आणखी एक-दोन अंश उतरवून पाहावं.